कोविडमध्ये डेक्सामेथासोन: कोणाला, किती, किती दिवस

दमा, ॲलर्जी, मेंदूची सूज यांसाठी अनेक दशकं वापरात असलेलं हे स्वस्त स्टेरॉइड. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने त्याला कोविडच्या उपचारात आणलं. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आले, ऑक्सिजनवरच्यांचे २६.२ वरून २३.३ वर. ऑक्सिजन न लागणाऱ्यांना मात्र काहीच फायदा दिसला नाही. पहिल्या आठवड्यात विषाणू वाढत असतो आणि त्याला अडवणारी प्रतिकारशक्तीच डेक्सा दाबतं. नंतर तीच प्रतिकारशक्ती बेफाम होऊन फुप्फुसं सुजवते, तेव्हा ती दाबावीच लागते.

म्हणून ताप कितीही असो, आधी ऑक्सिजन मोजा. नखावर मेंदी किंवा नेलपॉलिश असेल, बोट गार असेल तर ऑक्सिमीटर चुकतो. बोट चोळून गरम करा आणि आकडा मिनिटभर स्थिरावू द्या. ऑक्सिजन लावावा लागत असेल तरच डेक्सा, आणि तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

डोस ६ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. सकाळी द्या, रात्री दिलं तर झोप उडते. इंजेक्शनची नेहमीची व्हायल २ मिलीची असते, दर मिलीत ४ मिलिग्रॅम. म्हणजे दीड मिली ओढायचं. अख्खी व्हायल दिली की ८ होतात. तरीही लेबल दर वेळी वाचा. गिळता येत असेल तर तितक्याच डोसची गोळी चालते. जास्तीत जास्त १० दिवस, त्याआधी डिस्चार्ज झाला तर तिथेच बंद. टीबीसाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर डेक्साचा असर घटतो, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

सर्वांत जास्त घात होतो तो डेक्साने वाढणाऱ्या रक्तातल्या साखरेने. सकाळची उपाशीपोटीची साखर ठीक दिसते आणि दुपारनंतर ती ३०० च्या वर गेलेली असते. म्हणून प्रत्येक जेवणाआधी आणि झोपताना तपासा. सतत १८० च्या वर राहिली तर इन्सुलिन लागेल. २०२१ मध्ये महाराष्ट्रात म्युकरने, म्हणजे काळ्या बुरशीने, ज्यांचे डोळे आणि जबडे गेले, त्यांतले बहुतेक मधुमेही होते आणि अनेकांना स्टेरॉइड दिलेलं होतं. एका बाजूचा गाल सुजणं किंवा बधिर होणं, नाकातून काळपट स्राव, दात हलणं, एकाचे दोन दिसणं, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. घरी गेल्यावरही काही आठवडे नाक, डोळे आणि साखर यांवर लक्ष असू द्या. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याच्या तापाला देऊ नका.