रक्त थांबवणारी पट्टी हाताशी असूनही रक्त का थांबत नाही? उत्तरायणाआधी या चुका टाळा

बडोद्यात डिसेंबर संपत आला की रस्तोरस्ती फिरक्यांच्या माळा टांगलेल्या दिसू लागतात आणि १४ व १५ जानेवारीला दांडिया बाजारापासून वाडीपर्यंत एकही गच्ची रिकामी राहत नाही. त्या दोन दिवसांत कापलेली बोटे, चिरलेले तळवे आणि क्वचित दुचाकीवरून जाताना गळ्यावर बसलेला मांजा, हे सारे मी ड्रेसिंग रूममध्ये परिचारिका म्हणून २६ वर्षे पाहिले आहे. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली असली, तरी तो बाजारातून पुरता गेलेला नाही. अलीकडे एक बदल मात्र ठळकपणे जाणवतो. रक्त थांबवणाऱ्या तयार पट्ट्या, गॉज आणि भुकट्या आता मेडिकलच्या दुकानात सहज मिळतात आणि पुष्कळ घरांच्या प्रथमोपचार पेटीत त्या असतात. वस्तू चांगली आहे, परंतु ती चुकीच्या पद्धतीने वापरली गेल्यामुळे रक्त वाहतच राहिलेले रुग्ण मी वारंवार पाहिले आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी ही औषधे काय करतात ते थोडक्यात समजून घ्यावे लागेल, कारण बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात. रक्तवाहिनी कापली गेली की ती आकसते, तिच्या तोंडाशी प्लेटलेट पेशी चिकटतात आणि रक्तातील गोठण घटक एकामागून एक जागे होऊन फायब्रिनच्या तंतूंचे जाळे विणतात. केओलिन ही पांढरी चिकणमाती माखलेले गॉज यांपैकी बाराव्या क्रमांकाच्या घटकाला चालना देते आणि हे जाळे लवकर विणले जाते. कोळंबी आणि खेकड्यांच्या कवचापासून बनवलेले कायटोसान निराळ्या मार्गाने जाते. त्याच्यावर धन विद्युतभार असतो, तांबड्या पेशींवर ऋण, त्यामुळे पेशी त्याला चिकटून जखमेच्या तोंडावर एक चिकट बूच तयार होते. दोन्हींची अट एकच आहे. औषध कापलेल्या वाहिनीला प्रत्यक्ष टेकले पाहिजे आणि वाहते रक्त त्याला धुऊन नेणार नाही इतका दाब वरून मिळाला पाहिजे.

पट्टी जखमेवर ठेवली, पण जखमेला टेकलीच नाही

ही सर्वांत मोठी आणि सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे. एका संक्रांतीला पुलावरून स्कूटरने येणाऱ्या एका गृहस्थांच्या दंडाला मांजा लागला. सोबतच्या मुलाने प्रसंगावधान राखून डिकीतली कायटोसानची पट्टी काढली आणि दंडाभोवती आधीच गुंडाळलेल्या, रक्ताने थबथबलेल्या मफलरवर ती दाबून धरली. ते आमच्याकडे पोहोचले तेव्हा पट्टी मफलरच्या लोकरीला घट्ट चिकटलेली होती आणि मफलरच्या आतून कोपरापर्यंत रक्ताचा ओघळ चालूच होता. औषधाने आपले काम चोख केले होते, फक्त ते लोकरीवर झाले होते.

म्हणून आधी कपडा बाजूला करावा किंवा कात्रीने कापावा, जखम उघडी करावी, साचलेले रक्त आणि सैल गुठळ्या स्वच्छ गॉजने एकदाच टिपून घ्याव्यात आणि रक्त नेमके कोठून येते ते पाहावे. लांब चिरेतही जोराने रक्त येणारी जागा बहुधा एखादीच असते. पट्टी त्या जागेवर, औषधाची बाजू आत ठेवून लावावी. खोल खोक असेल तर वरून झाकणे पुरत नाही. अशा वेळी गॉजची लांब पट्टी बोटाने तळापर्यंत, रक्त येते त्या दिशेने, थोडी थोडी भरत न्यावी लागते आणि जखम काठोकाठ भरल्यावर वरून दाबावे लागते. हे हात, पाय, काख किंवा जांघेतील जखमेसाठी आहे. छाती वा पोटातल्या जखमेत गॉज कोंबू नये, कारण तिथला रक्तस्राव आत पोकळीत असतो आणि बाहेरच्या दाबाने तो आवरत नाही.

'थांबले का ते पाहू या' म्हणून हात काढला

केओलिन किंवा कायटोसानच्या गॉजवर किमान ३ मिनिटे, आणि साधे गॉज असेल तर किमान १० मिनिटे, एकसारखा दाब द्यावा लागतो. घाबरलेल्या माणसाला दीड मिनिट दहा मिनिटांसारखे वाटते, म्हणून घड्याळ समोर ठेवावे किंवा मोबाईलवर वेळ लावावी. मध्येच पट्टी उचलून पाहिली की नुकते विणले जाऊ लागलेले जाळे पट्टीबरोबर उखडते आणि सारे पहिल्यापासून सुरू करावे लागते. दाब तळहाताने हलकासा धरलेला नसावा, दोन-तीन बोटांनी नेमक्या जागी आणि मागे हाड असेल तर हाडाच्या दिशेने द्यावा. हात कापला असेल तर दाब देतानाच तो छातीच्या वर उचलून धरावा.

रक्त वरच्या थरातून पाझरले म्हणून घाबरून जाऊन पट्टीवर पट्टी, पट्टीवर रुमाल, असा ढीग रचत जाणेही बरोबर नाही, कारण थर जितके वाढतात तितका बोटाचा जोर पसरतो आणि खाली वाहिनीवर जवळजवळ काहीच दाब उरत नाही. फार तर एक थर वर द्यावा आणि जोर वाढवावा.

हळद, कॉफी, चुना, राख

या विषयावर मी घरोघरच्या आजींशी प्रेमाने भांडले आहे, आणि तरीही दर वर्षी नव्याने सांगावे लागते. महाविद्यालयात शिकणारा एक मुलगा उजव्या हाताची तर्जनी धरून आला होता. पेराच्या सांध्यावर, जिथे दोरा ओढताना ताण बसतो, अगदी तिथेच कापले होते, आणि शेजारच्या काकूंनी चिमूटभर म्हणता म्हणता मूठभर हळद त्यात भरली होती. रक्त आणि हळद मिळून तपकिरी पिवळा, वाळलेल्या पिठासारखा लगदा झाला होता आणि त्याच्या कडेने रक्त झिरपत होते. सलाईनने तो लगदा धुऊन काढायला मला वीस मिनिटे लागली आणि त्या मुलाला त्या वीस मिनिटांत जो त्रास झाला तो मांज्याने दिलेल्या त्रासापेक्षा जास्त होता. लगद्याखाली मोहरीएवढी एक जागा रक्त सोडत होती. साध्या गॉजने दाबल्यावर ती दहा मिनिटांत थांबली.

स्वयंपाकघरातली हळद, कॉफीची पूड किंवा चुलीतली राख निर्जंतुक नसते, जखमेचा तळ झाकते आणि स्नायुबंध किंवा मज्जातंतू कापला आहे का हे डॉक्टरांना दिसू देत नाही. चुना तर त्वचा भाजतो. कापसाचा बोळाही थेट जखमेवर ठेवू नये, त्याचे तंतू आत अडकून राहतात.

तुरटीबद्दल मात्र न्याय्य बोलले पाहिजे. ती प्रथिने गोठवते आणि बारीक केशवाहिन्या आकसवते, म्हणून दाढी करताना लागलेल्या ओरखड्यावर ती उपयोगी पडते. ओरखड्यापलीकडे तिचा उपयोग नाही, आणि सलूनमधला एकच खडा सगळ्यांच्या गालांवर फिरवणे सुरक्षित नाही, कारण रक्तातून पसरणारे कावीळ ब सारखे आजार अशाने एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. आपल्याकडे बाटलीत मिळणारे फेराक्रायलमचे द्रावणही झिरपणाऱ्या लहान जखमांसाठी आहे. धार लागली असेल तेव्हा ते ओतत बसण्यात मोलाचा वेळ जातो.

भुकटी ओतून मोकळे होणे

भुकटीचा मोह समजण्यासारखा आहे, पुडी फाडली, ओतली, झाले. पण जोराने येणारे रक्त भुकटी वर उचलून फेकते, वाऱ्यावर ती डोळ्यांत जाते आणि गच्चीवर वारा असतोच. या प्रकारच्या औषधांचा इतिहासही हेच सांगतो. या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन सैन्याने वापरलेले झिओलाइट या खनिजाचे दाणे रक्तातले पाणी शोषताना इतके तापत की आसपासची त्वचा आणि स्नायू भाजत. पुढे स्मेक्टाइट मातीची भुकटी आली, तर तिने रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा होऊन आत गुठळ्या होतात असे प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आणि २००९ साली तिचा वापर थांबवावा लागला. २००८ पासून तिथे केओलिनच्या गॉजला पसंती मिळाली, कारण गॉज मोजून आत भरता येते आणि मोजून बाहेरही काढता येते. घरच्या पेटीसाठी निवड करायची असेल तर मी नि:संकोच गॉज निवडीन.

गळ्याची जखम

येथे चूक करण्यास जागाच नाही. गळ्याला मांजा लागल्यावर लोक घाईघाईने ओढणी किंवा रुमाल मानेभोवती आवळून बांधतात. त्याने श्वासनलिका दबते आणि मेंदूला जाणारा रक्तपुरवठा दोन्ही बाजूंनी अडतो, तर जखमेवर हवा तेवढा दाब मिळतच नाही. माणसाला जागच्या जागी थांबवावे, स्वच्छ गॉज किंवा कापडाची घडी रक्त येते त्याच बाजूला ठेवून बोटांनी थेट दाबावी, मध्यभागी श्वासनलिकेवर जोर देऊ नये आणि दोन्ही बाजू एकाच वेळी दाबू नयेत. गळ्याच्या जखमेत भुकटी कधीही ओतू नये. प्रशिक्षण घेतलेला कोणी सोबत असेल तर तो गॉज भरू शकेल, इतरांनी केवळ दाब धरून ठेवावा. जखमेतून हवा आत ओढल्याचा आवाज येत असेल किंवा बुडबुडे दिसत असतील तर हवा जाणार नाही अशी घडी किंवा स्वच्छ प्लास्टिक हाताने घट्ट दाबून धरावे. श्वास नीट चालू असेल तर आडवे निजवावे, तोंडात रक्त येत असेल तर पुढे झुकवून बसवावे. १०८ ला फोन दुसऱ्याने करावा, कारण दाब धरणाऱ्याचे हात रुग्णालयाच्या दारापर्यंत मोकळे होणार नाहीत.

बोटाला आवळलेला दोरा

रक्त थांबावे म्हणून बोटाच्या मुळाशी रबर बँड किंवा पतंगाचाच दोरा आवळणे ही उत्तरायणातली खास चूक आहे. बारीक दोरा मांसात रुततो, बोट निळे पडते आणि बांधणारा पुढच्या पेचात तो सोडायचे विसरतो. बोटाला दाब पुरतो. हातापायाच्या मोठ्या जखमेतून धार उडत असेल आणि दाबूनही ती थांबत नसेल, तरच आवळपट्टी वापरावी. ती रुंद असावी, जखमेच्या वर सुमारे ५ ते ७ सेंटिमीटरवर, सांधा टाळून बांधावी, बांधल्याची वेळ लिहून ठेवावी आणि वाटेत सैल करून पाहू नये.

सारे बरोबर करूनही थांबत नसेल तर

तर पहिला प्रश्न असा विचारावा की बोट नेमक्या जागी आहे का. बहुतेक वेळा ते अर्धा-पाऊण इंच चुकलेले असते. दुसरा प्रश्न गॉज तळापर्यंत पोहोचले का हा. पोहोचले नसेल तर ते काढून नवे गॉज पुन्हा नीट भरावे आणि पूर्ण वेळ दाबावे. तिसरा प्रश्न घरातल्या ज्येष्ठांसाठी महत्त्वाचा आहे. इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल, वारफेरिन किंवा असिट्रोम यांपैकी रक्त पातळ करणारी एखादी गोळी चालू आहे का? वारफेरिन आणि असिट्रोम गोठण घटकांचीच निर्मिती कमी करतात, त्यामुळे त्या घटकांना चालना देणाऱ्या केओलिनचा जोर अशा व्यक्तीत कमी पडू शकतो, तर कायटोसान त्या साखळीवर तेवढे अवलंबून नाही. दाबण्याचा वेळ वाढवावा आणि रुग्णालयात पोहोचताच गोळीचे नाव सांगावे. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये.

ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड या रक्तस्राव कमी करणाऱ्या औषधाची गोळी घरात असते म्हणून ती जखमी माणसाला देऊन थांबून राहणे हीही चूकच. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या क्रॅश-२ चाचणीत वीस हजारांहून अधिक जखमींवर या औषधाचा उपयोग दिसला, पण तो शिरेतून दिलेल्या औषधाचा होता, आणि इजेनंतर ३ तासांच्या आत दिले तरच त्याचा फायदा होतो. गोळीने मिनिटांत रक्त थांबत नाही.

रक्त थांबल्यावर पट्टी घरीच ओढून काढू नये. चिकटलेली पट्टी सलाईनने भिजवून सैल करावी लागते, आणि खोल भरलेले गॉज साधारणपणे २४ तासांच्या आत डॉक्टरांकडूनच काढून घ्यायचे असते. म्हणून रिकामे पाकीट फेकू नये, ते रुग्णासोबत द्यावे आणि किती पट्ट्या आत आहेत ते सांगावे. कवचधारी माशांची अॅलर्जी असेल किंवा प्राणिजन्य पदार्थ चालत नसतील तर कायटोसानबद्दल डॉक्टरांना आधीच विचारून पेटीत काय ठेवायचे ते ठरवावे. पाकिटाला चीर गेली असेल तर आतले गॉज निर्जंतुक राहिलेले नाही असे समजावे, आणि बडोद्याच्या मे महिन्यात तापलेल्या डिकीत वर्षभर पडून असलेले पाकीट जानेवारीत वापरण्याआधी त्याची मुदत आणि साठवणुकीची सूचना वाचावी.

मांज्याची जखम दिसायला केसासारखी बारीक असली तरी खोल असू शकते. रक्त थांबल्यावर प्रत्येक बोट वेगवेगळे वाकवून आणि टोकाला स्पर्श करून पाहावे. वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मळलेल्या जखमेत धनुर्वाताच्या लशीची शेवटची मात्रा घेऊन ५ वर्षे, आणि स्वच्छ जखमेत १० वर्षे उलटली असतील तर ती पुन्हा घ्यावी लागते. चाळिशीच्या पुढच्या बहुतेकांना शेवटची मात्रा कधी घेतली हे आठवत नाही, तेव्हा आठवत नाही असेच डॉक्टरांना सांगावे.