जुना डीएसएलआर की कॉम्पॅक्ट? तुलना करताना या चुका टाळा

माझ्या ओळखीच्या अनेक घरांत नाशिकच्या २०१५ च्या सिंहस्थाच्या सुमारास किंवा त्याआधी घेतलेला एखादा डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा आरशाचा कॅमेरा, कपाटात पडून आहे. पुढचा सिंहस्थ जवळ येऊ लागला की तो बाहेर निघतो आणि घरात चर्चा सुरू होते, की हाच वापरावा की तो विकून खिशात मावणारा चांगला कॉम्पॅक्ट घ्यावा. प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर शोधण्याची जी रीत मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे, ती इतकी उतावीळ असते की दोहोंपैकी कोणत्याच कॅमेऱ्याला न्याय मिळत नाही. दोन्ही कॅमेरे ऑटोवर ठेवायचे, चार फोटो काढायचे, मागच्या पडद्यावर पाहायचे आणि निकाल लावून मोकळे व्हायचे. अशा निकालापायी चांगले कॅमेरे कवडीमोलाने विकले गेलेले मी पाहिले आहेत, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

लेन्स सोडून नुसत्या बॉडीची तुलना करणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. कॅननच्या एपीएस-सी (सेन्सरचे एक प्रचलित माप) डीएसएलआरचा सेन्सर साधारण २२ × १५ मिलिमीटर असतो, तर स्वस्त कॉम्पॅक्टमधला १/२.३ इंची सेन्सर जेमतेम ६.२ × ४.६ मिलिमीटर असतो. म्हणजे क्षेत्रफळात सुमारे बारापटींचा फरक पडतो. हा आकडा ऐकला की डीएसएलआरवाले विजयी मुद्रेने पाहू लागतात. परंतु सेन्सरवर प्रकाश किती पोहोचतो हे लेन्स ठरवते, आणि जुन्या डीएसएलआरवर बहुतेक वेळा १८-५५ मिलिमीटरची किट लेन्सच, म्हणजे कॅमेऱ्यासोबत मिळणारी लेन्स, लावलेली असते, जिचे अ‍ॅपर्चर रुंद बाजूला एफ/३.५ आणि झूम केल्यावर एफ/५.६ असते; एफचा आकडा जितका लहान, तितके हे प्रकाशाचे छिद्र मोठे.

आता २०१२ मध्ये आलेला सोनीचा आरएक्स१०० पाहा. त्याचा सेन्सर १३.२ × ८.८ मिलिमीटरचा (यालाच एक इंची म्हणतात), म्हणजे कॅननच्या एपीएस-सीच्या साधारण एक तृतीयांश आहे; पण रुंद बाजूला त्याची लेन्स एफ/१.८ पर्यंत उघडते. एफ/१.८ आणि एफ/३.५ यांच्यात प्रकाशाचा फरक पावणेचार पटींचा होतो. त्यामुळे रुंद दृश्यात, शटर स्पीड सारखाच ठेवला तर, छोट्या कॅमेऱ्याला एकूण प्रकाश किट लेन्सच्या डीएसएलआरपेक्षा थोडा अधिकच मिळतो. झूम पूर्ण ओढला की आरएक्स१०० एफ/४.९ वर येतो आणि पारडे पुन्हा डीएसएलआरकडे झुकते. म्हणून कोणता कॅमेरा चांगला, या प्रश्नाला कोणती लेन्स, कोणती चौकट आणि किती प्रकाश हे सांगितल्याशिवाय उत्तरच नसते.

याचे एक उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर घडले. आमच्या शेजारच्या दोन चुलत भावांपैकी थोरल्याकडे मामाने दिलेला कॅनन ४००डी होता आणि धाकट्याने एक इंची सेन्सरचा कॉम्पॅक्ट घेतला होता. दोघे संध्याकाळी रामकुंडावर गोदाआरतीला गेले, दोघांनी कॅमेरे ऑटोवर ठेवले, थोरल्याने तेवढा फ्लॅश बंद केला. रात्री ते माझ्याकडे आले तेव्हा थोरला म्हणाला, "काका, हा डबा झालाय. उद्या विकून टाकतो." धाकट्याच्या फोटोत दिव्यांच्या ज्योती आणि पायऱ्यांवरची गर्दी स्वच्छ आली होती, थोरल्याच्या फोटोत सगळे हललेले होते.

मी दोन्ही फाइलींची एक्झिफ माहिती, म्हणजे फोटोसोबत नोंदलेले कॅमेऱ्याचे आकडे, उघडायला लावली, कारण फोटो पाहण्याआधी आकडे पाहायचे हा माझा नेम आहे. कॉम्पॅक्टने एफ/१.८, १/३० सेकंद आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८०० घेतले होते. ४००डीवर झूम थोडा पुढे ओढलेला असल्याने अ‍ॅपर्चर एफ/५ वर गेले होते, आणि हा कॅमेरा ऑटोमध्ये आयएसओ ४०० च्या पुढे जातच नाही, म्हणून त्याने शटर अर्धा सेकंद उघडे ठेवले होते. स्थिरीकरण नसलेली किट लेन्स हातात धरून अर्ध्या सेकंदात कोणाचाही फोटो हलेल. कॅमेऱ्यात काडीचाही बिघाड नव्हता. कॉम्पॅक्टला पंधरापट कमी वेळ पुरला होता आणि दोघे भाऊ त्यालाच कॅमेऱ्याचा दर्जा समजत होते.

दुसऱ्या संध्याकाळी मी त्यांना माझी ५० मिलिमीटर एफ/१.८ लेन्स दिली आणि त्याच पायरीवर उभे केले. ४००डीवर आयएसओ ८००, एफ/१.८ आणि १/३० असे कॉम्पॅक्टचेच आकडे हाताने लावले. या लेन्सने चौकट अर्थातच अरुंद झाली, संपूर्ण घाट त्यात मावेना. परंतु आरती करणाऱ्या पुरोहितांचे चेहरे, हातातल्या दिव्याजवळच्या बाजूने उजळलेले आणि मागचा अंधार मऊ झालेला, असे आले की धाकटा स्वतःहून झूम करून तीच चौकट साधू लागला. झूम करताच त्याचे अ‍ॅपर्चर आकसले, आयएसओ चढला आणि चेहऱ्यांवर दाणे दिसू लागले. घाटाच्या रुंद दृश्यात मात्र त्याचाच फोटो सरस राहिला. थोरल्याने कॅमेरा विकला नाही, एक सेकंडहँड ५० एमएम तेवढी घेतली. एवढ्यासाठी एक संध्याकाळ पुन्हा घाटावर जावे लागले. तेवढा धीर नसणाऱ्यांनी कॅमेऱ्यांची तुलना करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मागच्या पडद्यावर पाहून निकाल लावणे

२००३ च्या कॅनन ३००डीचा पडदा १.८ इंचांचा आणि सुमारे १ लाख १८ हजार बिंदूंचा आहे. त्यावर उत्तम फोटोही मळकट दिसतो आणि नव्या कॉम्पॅक्टच्या पडद्यावर सामान्य फोटोही झळकतो. शिवाय कॉम्पॅक्टचे जेपेग मुळातच जास्त धार आणि भडक रंग देऊन तयार केलेले असतात. जुने डीएसएलआर त्या मानाने सौम्य फाइल देतात, कारण पुढचे काम वापरणारा करील हे त्यांत गृहीत धरलेले असते. रंगपंचमीला रहाडीवर, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या नाशिकच्या जुन्या हौदावर, काढलेल्या फोटोंत हे फार ठळकपणे कळते: कॉम्पॅक्टच्या जेपेगमध्ये गुलाबी रंगाचा सपाट डाग होतो, त्यातले कपड्याचे पोत आणि चेहऱ्याचे उठाव नाहीसे होतात, आणि पाहणारा त्यालाच "रंग किती छान आलेत" म्हणतो.

मी दोन्ही कॅमेऱ्यांतून रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) काढतो, एकाच सॉफ्टवेअरमध्ये उघडतो, दोन्हींना सारखीच धार देतो आणि दोन्हींचे १२ × ८ इंची प्रिंट काढून खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात पाहतो. कॉम्पॅक्ट रॉ देत नसेल, तर निदान त्यातली धार आणि रंग मेनूतून कमी करून ठेवतो. संगणकावर शंभर टक्के मोठे करून डोळ्यांच्या पापण्या मोजणाऱ्यांचा मला कंटाळा आला आहे, कारण सहा मेगापिक्सेल आणि वीस मेगापिक्सेल शंभर टक्क्यांवर पाहणे म्हणजे दोन वेगळ्या आकारांचे प्रिंट शेजारी ठेवण्यासारखे आहे.

मेगापिक्सेलवर जाणे

कॅननने २००८ च्या जी१० या कॉम्पॅक्टमध्ये १४.७ मेगापिक्सेल दिले आणि २००९ च्या जी११ मध्ये ते स्वतःच १० वर आणले; छोट्या सेन्सरवर जास्त पिक्सेल कोंबण्याचा हव्यास कुठे थांबवावा लागतो, याचा यापेक्षा चांगला पुरावा शोधण्याची गरज नाही. निकॉन डी४० च्या सहा मेगापिक्सेल फाइलची ३००० × २००० पिक्सेलची मापे ३०० डीपीआयला (इंचाला ३०० बिंदू) १० इंच रुंद प्रिंट देतात.

लेन्स बसली म्हणजे ती चालेल असे समजणे

निकॉनचे डी४०, डी६०, डी३००० आणि डी५००० यांच्या बॉडीत फोकसची मोटर नाही. त्यांवर जुनी ५० एमएम एफ/१.८डी लेन्स व्यवस्थित बसते, फोटोही निघतात, पण ऑटोफोकस होत नाही, कारण ती लेन्स बॉडीतल्या मोटरवर अवलंबून असते. डी५०, डी७०, डी८० आणि डी९० यांत ही मोटर आहे. एका ओळखीच्या मुलीला एका दुकानदाराने डी४० आणि ही लेन्स अशी जोडी विकली होती आणि फोकस होत नाही म्हणून ती कॅमेरा दुरुस्तीला टाकायला निघाली होती. एएफ-एस प्रकारची, म्हणजे स्वतःची मोटर असलेली, ३५ एमएम एफ/१.८ लावताच तोच डी४० नीट चालू लागला. लेन्सच्या नावातली अक्षरे वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

कॉम्पॅक्टकडून धूसर पार्श्वभूमीची अपेक्षा ठेवणे

१/२.३ इंची सेन्सरवरचे एफ/२.८ हे धूसरपणाच्या दृष्टीने एपीएस-सीवरच्या जवळपास एफ/१० इतके असते. तो कॅमेऱ्याचा दोष नाही, सेन्सरच्या आकाराचा परिणाम आहे. द्राक्षाच्या घडाचा जवळून फोटो काढताना हीच गोष्ट फायद्याची ठरते, कारण घड संपूर्ण स्पष्ट येतो. याच सेन्सरवर एफ/८ लावले की प्रकाश छिद्राच्या कडांशी पसरून तपशील मऊ होतो, म्हणून तिथे मी अ‍ॅपर्चर उघडेच ठेवतो.

भर उन्हात पक्ष्यांसाठी फक्त पडद्यावर विसंबणे

नाशिकजवळच्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात हिवाळ्यात पक्षी पाहायला जाणाऱ्यांनी जुन्या डीएसएलआरला कमी लेखू नये. पाण्यावरच्या चकाकीत कॉम्पॅक्टचा पडदा वाचता येत नाही, आणि कॉन्ट्रास्ट पाहत पुढेमागे सरकणारा जुन्या कॉम्पॅक्टचा फोकस उडत्या बदकाला पकडेपर्यंत बदक चौकटीबाहेर गेलेले असते. जुना डीएसएलआर फेज डिटेक्शनने लेन्स कोणत्या दिशेला आणि किती फिरवायची हे एकदम ठरवतो. ५५-२०० सारखी साधी लेन्सही तिथे सहा मेगापिक्सेलमध्ये समाधानकारक काम करते.

सेकंडहँड घेताना न तपासणे

एफ/१६ वर मोकळ्या आकाशाचा फोटो काढून सेन्सरवरचे धुळीचे ठिपके पाहावेत. लेन्समधून टॉर्चचा उजेड सोडून बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे शोधावेत. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद बॅगेत ठेवलेल्या लेन्समध्ये ते हमखास सापडतात, आणि माझ्या लेन्सच्या डब्यात जून ते सप्टेंबर ओलावा शोषणारे सिलिका जेल असतेच. निकॉनच्या फाइलीत शटर किती वेळा उघडला याची नोंद असते; कॅननच्या बहुतेक मॉडेलांच्या फाइलीत ती नसते, म्हणून विकणाऱ्याच्या तोंडी आकड्यावर भरवसा ठेवू नये. कॉम्पॅक्ट घेताना लेन्स काही वेळा आतबाहेर करून तिचा आवाज ऐकावा, कारण रंग किंवा वाळू आत गेलेली असेल तर ती घरी साफ करता येत नाही. कॅननच्या ३००डी, ३५०डी आणि ४००डी यांना कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड लागते. कार्ड आणि कार्ड रीडर व्यवहारातच मागून घ्यावेत, कारण हल्ली ते शोधण्यातच वेळ जातो.