माईक बंद पडला, आधी काय तपासाल?

साउंडच्या कामाला नव्याने लागलेल्यांना माझं पहिलं सांगणं असतं, एका वेळी एकच गोष्ट बदला. शाळेचं गॅदरिंग असो की कीर्तन, माईक बंद पडला की सल्ले द्यायला दहाजण धावतात. गडबडीत नवखा ऑपरेटर गेन वाढवतो, चॅनेल बदलतो, केबलही हलवतो. आवाज येतो, पण कशामुळे आला ते कळत नाही आणि थोड्या वेळाने पुन्हा जातो.

महागडा टेस्टर लागत नाही. साधा डिजिटल मल्टिमीटर, वायरवाला हेडफोन, एक पेन्सिल सेल आणि खात्रीची एक केबल एवढ्यावर बहुतेक दोष सापडतात. त्या केबलला मी लाल टेप लावलीय. ती कुणालाही द्यायची नाही, अगदी गायकाने मागितली तरी.

माईक ते स्पीकर या साखळीत सुरुवात मधूनच, म्हणजे मिक्सरपासून करा. मिक्सरला हेडफोन लावून त्या चॅनेलचं पीएफएल बटण (फक्त तेवढाच चॅनेल हेडफोनवर ऐकवणारं) दाबा. आवाज ऐकू आला तर माईक आणि केबल ठीक, दोष पुढे, स्पीकरच्या बाजूला. नाही आला तर मागे, माईकच्या बाजूला. मागे असेल तर आधी फक्त केबल बदलून बघा.

संशयित केबल दोन्हीकडून काढून मीटर बीपवर ठेवा, म्हणजे तार सलग असली की तो वाजतो. एक्सएलआरची, म्हणजे माईकच्या तीन पिनांच्या कनेक्टरची १ नंबरची पिन शील्डची (तारांभोवतीच्या जाळीची), २ आणि ३ सिग्नलच्या. १ ला १, २ ला २, ३ ला ३ लावल्यावर बीप यायला हवी, १ आणि २ मध्ये यायला नको. बीप चालू असताना केबल कनेक्टरजवळ वाकवून बघा. तुटक बीप आली की कनेक्टर उघडायचा, बहुधा सोल्डरिंगचा डाग सुटलेला असतो. २ आणि ३ उलटे जोडले गेले असतील तर एकटा माईक अगदी छान वाजतो. तोच दुसऱ्या माईकशेजारी ठेवला की आवाज पातळ होतो.

गॅदरिंगला हमखास भेटणारी एक गंमत म्हणजे मोबाईलवरचं गाणं वाजतं, पण गायिका गायब! मोबाईलची स्टिरिओ पिन मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटमध्ये थेट घातलेली असते. ते इनपुट दोन सिग्नलमधला फरकच पुढे पाठवतं. गायिकेचा आवाज डाव्या-उजव्या दोन्हीकडे सारखा, म्हणून तोच वजा होतो. एका स्टिरिओ पिनच्या दोन मोनो करणारी केबल घ्या आणि दोन चॅनेल वापरा.

लॅपटॉप जोडल्यावर घूं असा आवाज आला तर चार्जर काढून बघा. थांबला तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन उपकरणांची अर्थिंग दोन वाटांनी जोडली जाऊन घूं येतंय. लॅपटॉप आणि मिक्सरच्या मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी छोटी पेटी) टाका. काही जुने लोक थ्री-पिन प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकायला सांगतात. त्यांचं अजिबात ऐकू नका. हमिंग जाईल, पण माईक धरणाऱ्याचा जीवही जाऊ शकतो.

स्पीकरची शंका असेल तर अ‍ॅम्पपासून सोडवून ओहम मोजा. आठ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण सहा दाखवतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. काहीच रीडिंग आलं नाही तर कॉइल जळलीय किंवा आतली तार सुटलीय. नुसत्या वूफरला (खर्ज आवाजाच्या मोठ्या स्पीकरला) पेन्सिल सेल क्षणभर लावा. प्लसला प्लस जोडल्यावर कोन, म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा, बाहेर यायला हवा. ट्वीटरवर (बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरवर) हा प्रयोग करू नका.

आणि खराब निघालेल्या केबलला तिथल्या तिथे गाठ मारा. नाहीतर रात्री आवराआवरीत ती चांगल्या केबलींच्या पेटीत जाते आणि पुढच्या कार्यक्रमाला पुन्हा तुमच्याच हाती लागते.