जुनी कॅसेट लावण्याआधी तिच्या खिडकीतून बघा
नागपूरचा पावसाळा सरल्यावर 'जुरासिक पार्क'ची जुनी व्हीएचएस कॅसेट काढणार असाल, तर ती थेट व्हीसीआरमध्ये घालू नका. आधी उजेडात धरून कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून रिळाची कड बघा. काळ्या फितीवर पांढरट, पीठ भुरभुरल्यासारखे ठिपके दिसले की ती बुरशी. अशी कॅसेट लावली तर बुरशी व्हीसीआरच्या हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला लागते आणि पुढच्या कॅसेटींवर जाते. माझ्या ३ चांगल्या कॅसेटी अशाच गेल्या, अजून हळहळ वाटते. फीत स्वच्छ असेल तर एकदा शेवटपर्यंत पुढे पळवा, मग पूर्ण रिवाइंड करा. चिकटून बसलेले वेढे मोकळे होतात. चित्रात पट्टे आले तर व्हीसीआरवरचे ट्रॅकिंगचे, म्हणजे चित्र जुळवायचे बटण हळूहळू फिरवा. नंतर कॅसेट उभी ठेवा, पण कूलरच्या दमट खोलीत नको.