जनगणनेचे ब्लॉक नव्याने पाडताना या चुका टाळा, नाहीतर अख्खी चाळ मोजणीतून सुटते

जनगणनेची ड्युटी लागलेल्यांसाठी लिहितोय, आणि ज्यांच्या भागात गेल्या दहा-पंधरा वर्षांत शेतं जाऊन टॉवर उभे राहिलेत त्यांच्यासाठी पण. २०११ नंतर थेट २०२७, मधे १६ वर्षं गेली. तेव्हाचे प्रगणक गट (प्रगणक म्हणजे घरोघरी जाऊन मोजणारा, त्याच्या वाट्याचा भाग तो गट; आपण सगळे ब्लॉकच म्हणतो) आत्ता तसेच्या तसे वापरायला गेलात तर एका माणसाच्या वाट्याला ९० घरं येतील आणि दुसऱ्याच्या वाट्याला ७००. म्हणून ब्लॉक नव्याने पाडायचे, साधारण ७०० ते ८०० लोकसंख्येचा एक, म्हणजे शहरात दीडशे ते दोनशे घरं. असे सहा ब्लॉक मिळून एक पर्यवेक्षक. ऐकायला सोपं आहे, पण मी २०११ ला प्रगणक होतो आणि रेषा चुकली की काय होतं ते स्वतः पाहिलंय.

माझ्या ब्लॉकच्या कागदावर हद्द लिहिली होती "पूर्वेला दुकानांची रांग". शेजारच्या बाईंच्या कागदावर होतं "पश्चिमेला नाला". मी दुकानांपर्यंत घरं केली, त्यांनी नाल्यापासून पुढची केली, दोघांचंही काम कागदावर पूर्ण. शेवटच्या दिवशी मी दुकानासमोर चहा पीत उभा होतो तर एक मावशी आल्या आणि म्हणाल्या, "सर, आमच्याकडे कधी येणार?" दोन दुकानांच्या मधे जेमतेम एक माणूस जाईल एवढा बोळ, त्यातून आत गेलो तर मागे बैठी चाळ, १९ कुटुंबं, दारात नळाची लाइन, मुलं खेळतायत. दुकानांची रांग आणि नाला यांच्या मधली ती पट्टी कुणाच्याच कागदावर नव्हती. त्या मावशींनी विचारलं म्हणून ती माणसं मोजली गेली, नाहीतर राहिली असती.

म्हणून पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच, की प्रत्येक जण फक्त आपल्या ब्लॉकची हद्द बघतो. हद्द कायम दोघांची असते. रस्ता असेल तर रेषा रस्त्याच्या मधोमध आणि दोन्ही कागदांवर त्याच रस्त्याचं तेच नाव, नाला असेल तर दोन्हीकडे नालाच. चारही बाजूंच्या प्रगणकांना एकदा बरोबर घेऊन हद्दीवरून चालत जा, अर्धा दिवस जातो पण तो अर्धा दिवस घालवाच. कोपऱ्यावरच्या बिल्डिंगी खास बघा. बिल्डिंग एका रस्त्याला, गेट दुसऱ्या रस्त्याला, मग दोघंही तिला मोजतात किंवा दोघंही सोडतात. नियम कुठलाही लावा पण चौघांनी एकच लावा आणि लिहून ठेवा.

दुसरी चूक म्हणजे उद्या जागेवर नसणाऱ्या गोष्टींवरून हद्द लिहिणं. "आंब्याचं झाड", "मोकळा प्लॉट", "पत्र्याची शेड", "होर्डिंग". पुण्याच्या कडेच्या गावांमधून आता फिरा, २०११ चा मोकळा प्लॉट म्हणजे आज पार्किंगसकट बारा मजले. घरयादी (जनगणनेचा पहिला टप्पा, घरांची नोंद) एका हंगामात होते आणि प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये, तेवढ्या महिन्यांतसुद्धा शेड जाते आणि प्लॉटला कंपाउंड पडतं. रस्ता, रेल्वे लाइन, नाला, कॅनॉल, देऊळ, शाळा अशा टिकणाऱ्या खुणा घ्या.

वाढ सगळीकडे सारखी धरणं ही तिसरी, आणि ही ऑफिसात बसून होते. जुन्या ब्लॉकची लोकसंख्या घ्यायची, सगळ्यांना एकाच टक्क्याने वाढवायची आणि भागायचं. गाव असं वाढत नाही हो. गावठाणातला वाडा आहे तेवढाच राहतो, उलट तिथली मुलं फ्लॅटमध्ये जातात म्हणून माणसं कमी होतात, आणि अर्धा किलोमीटरवर एका सर्व्हे नंबरात आठशे फ्लॅट येतात. गावठाणाचे ब्लॉक कदाचित जोडावे लागतील आणि त्या एका सर्व्हे नंबराचे चार-पाच पाडावे लागतील. आकडा हवाच असेल तर मतदार यादी, घरपट्टीची नोंद, वीज मीटर, सोसायटीचं रजिस्टर यातलं जे मिळेल ते बघा, पण कुठल्याही एकावर विसंबू नका. भाडेकरूचं नाव मतदार यादीत बऱ्याचदा नसतं आणि बंद फ्लॅटलाही मीटर असतो.

यावेळी चार्ज ऑफिसला (तालुक्याचं किंवा महापालिकेचं जनगणनेचं ऑफिस) ब्लॉक पाडायला सॅटेलाइट इमेजवर चालणारं वेब ॲप्लिकेशन आहे, चांगलं आहे, हाताने काढलेल्या नजरी नकाशापेक्षा रेषा नक्कीच नीट येते. फक्त वरून छत दिसतं, मजले दिसत नाहीत. बैठं घर आणि बारा मजली टॉवर स्क्रीनवर जवळपास सारखीच चौकोनी ठिपकी. इमेज कधीची आहे तेही बघा, तिच्यात नुसता पाया दिसतो आणि जागेवर लोक राहायला आलेले असतात. आणि बांधकाम मजुरांचे पत्र्याचे कॅम्प! वरून ते हुबेहूब गोडाऊन दिसतात, निळे पत्रे एका ओळीत. आत दीड-दोनशे माणसं असतात. साइटच्या मागच्या गेटने आत जाऊन बघितल्याशिवाय "अनिवासी" लिहू नका.

मोठ्या सोसायटीत ब्लॉक तोडावा लागला तर विंग बघून तोडा. ए आणि बी इकडे, सी आणि डी तिकडे. एकच मोठा टॉवर असेल तर मजले वाटून घ्या, सातव्यापर्यंत एक आणि आठव्यापासून दुसरा, पण मग दोघांनी वॉचमनला आणि सेक्रेटरीला आधीच भेटून सांगा, नाहीतर दुसरा प्रगणक गेटवर आला की "तुमचे लोक येऊन गेले" म्हणून त्याला बाहेरूनच परत पाठवतात.

गाव आणि शहर यांच्या हद्दीवर तर फारच जपून. ब्लॉक कधीही दोन गावांत किंवा दोन वॉर्डांत पसरलेला चालत नाही. पुणे महापालिकेत २०१७ ला ११ गावं आली, २०२१ ला २३ आली, २०१७ च्या गावांतली फुरसुंगी आणि उरुळी देवाची २०२४ मध्ये पुन्हा बाहेर निघून तिथे वेगळी नगरपरिषद झाली. हे लक्षात न ठेवता जुनी यादी उघडली की घोळ ठरलेला. ३१ डिसेंबर २०२५ ला ज्या हद्दी होत्या त्या जनगणनेसाठी गोठवल्यात, तेव्हा जागा आज कुणाची म्हणतात ते नको, त्या तारखेला कुठल्या हद्दीत होती ते बघा. बिल्डरच्या नावावर तर अजिबात जाऊ नका, हिंजवडी फेज ३ म्हणून विकलेले फ्लॅट माण गावात आहेत. कँटोन्मेंट आणि लष्कराचा भाग सुद्धा शेजारच्या वॉर्डात ओढू नका, तो वेगळा धरतात. आणि झोपडपट्टीचे ब्लॉक वेगळे ठेवा, शेजारच्या सोसायटीत मिसळले की दोघांचेही आकडे निरुपयोगी होतात.

आता ब्लॉक हातात आल्यावर अडचण आली तर? हद्दीत नसलेली बिल्डिंग समोर दिसली, शेजारच्याकडेही नाही, तर स्वतःच्या मनाने आत घेऊ नका आणि सोडूनही देऊ नका. जागेचं नीट वर्णन लिहा, त्याच दिवशी पर्यवेक्षकाला कळवा, तो चार्ज ऑफिसला कळवेल. ब्लॉक फारच मोठा निघाला तर पहिल्या दोन दिवसांतच सांगा, शेवटच्या आठवड्यात सांगून कुणी माणूस देऊ शकत नाही. तोडलाच तर जुन्या नंबराचे कुठले नवे नंबर झाले ते रजिस्टरला लिहा, नाहीतर २०११ शी तुलना करायला काही उरत नाही.

हे सगळं एवढं का म्हणून विचाराल तर २०२५ ला महापालिकांची प्रभाग रचना झाली ती २०११ च्या आकड्यांवर, आणि प्रभाग जुळवतात ते याच प्रगणक गटांतून. सपाट भागात ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, ४०० ते ८०० लोकांमागे एक अंगणवाडी, हे हिशोबही इथल्याच आकड्यांवर होतात. चाळ सुटली की अंगणवाडी सुटते.

एक गोष्ट मात्र आमच्या पश्चिम महाराष्ट्रात हमखास विसरतात. उन्हाळा-पावसाळ्यात ब्लॉक बघाल तर उसाच्या कडेचा माळ मोकळा दिसेल, "घर नाही" लिहून पुढे जाल. फेब्रुवारीत तिथेच बीडकडच्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या (झोपड्या) असतात, मोजणीचा पूर्ण काळ माणसं तिथेच असतील तर मोजायचीही तिथेच, आणि गावाकडच्या तांड्यात त्या महिन्यात म्हातारी माणसं आणि कुलपं. त्यामुळे ऊस पट्ट्यातला ब्लॉक पाडताना थोडा लहान ठेवा आणि जानेवारीतच कारखान्याच्या शेतकी ऑफिसला जाऊन चिटबॉयला (ऊसतोडीचं काम बघणारा कारखान्याचा माणूस) विचारा, यंदा टोळ्या कुठे उतरल्यात, किती कोयते (तोडणाऱ्या जोड्या) आहेत. टोळीच्या मुकादमाचा नंबर घेऊन ठेवा, आणि जायचं तर अंधार पडल्यावर जा, दिवसा सगळे फडात असतात.