यूटीव्हीला बर्फाचं पातं लावलंय? मग या चुका टाळा

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या उत्तर टोकाला कीविनॉ नावाचं द्वीपकल्प लेक सुपीरिअरमध्ये घुसलेलं आहे. तिथे यूएस-४१ महामार्गाच्या कडेला थर्मामीटरसारखी दिसणारी एक उंच पाटी उभी आहे, पण ती मोजते बर्फ. तिच्यावरची विक्रमाची खूण १९७८-७९ च्या हिवाळ्याची आहे: ३९०.४ इंच, म्हणजे साडेबत्तीस फूट. तळ्याच्या न गोठलेल्या पाण्यावरून गार वारा येतो, येताना ओल उचलतो आणि किनाऱ्याला लागला की बर्फ करून आमच्या दारात टाकतो. मी मूळचा चिपळूणचा, त्यामुळे आभाळ फाटण्याची सवय होती. पण तिथलं पाणी आपलं आपण वाशिष्ठीत जातं (कधीकधी वाशिष्ठीच घरी येते, ती गोष्ट वेगळी). इथलं मात्र ढकलून बाजूला करावं लागतं.

किती ढकलायचं, त्याचा हिशेब करून बघा. घरापासून रस्त्यापर्यंतची वाट दोनशे फूट लांब आणि दहा फूट रुंद धरू. तिच्यावर फूटभर भुसभुशीत बर्फ पडला तर वजन भरतं साडेपाच टनांच्या वर. ओला बर्फ असेल तर त्याच्या दुप्पट सहज. म्हणून फावडं ठेवून लोक यूटीव्हीला, म्हणजे खडबडीत वाटेवर चालणाऱ्या छोट्या चारचाकी गाडीला, पुढे पातं बसवतात. इंग्रजीत त्याला प्लाउ म्हणतात, पण नांगराशी त्याचा काही संबंध नाही. जेसीबीचा धाकटा भाऊ म्हणा हवं तर.

पहिल्या हिवाळ्यात मी गाडीचे दोन पट्टे, एक विंच (दोर गुंडाळून ओढणारं विजेचं यंत्र) आणि थोडीशी अब्रू घालवली. यातलं जे मोडलं ते बर्फ जड होता म्हणून नव्हे. मी ज्या कामासाठी जी वस्तू नाही तिथे ती दामटत होतो.

सर्वांत मोठी चूक विंचची. ही विंच चिखलात रुतलेली गाडी कधीतरी ओढून काढण्यासाठी बनवलेली असते. पातं लावलं की आपण तिला लिफ्ट करून टाकतो आणि एका सकाळी शंभरेक वेळा बटण दाबतो, तेही दोराच्या त्याच दोन-तीन फुटांवर. पोलादी दोर तिथेच वाकून वाकून त्याची एकेक तार तुटते, आणि मग एखाद्या सकाळी पातं धाडकन खाली. मूळ लांब दोर काढून ठेवा आणि पात्यासाठी वेगळा, आखूड सिंथेटिक दोर किंवा पट्टी लावा. पातं पूर्ण वर आलं तरी बटण दाबून धरलं, तर लोखंड लोखंडावर आदळून थांबतं, पण मोटर थांबत नाही. ती जळते, नाहीतर दोर तुटतो. मी दोरावर लाल टेप गुंडाळली आहे. टेप रोलरपाशी आली की बोट उचलायचं.

पातं खाली सोडताना नेमकं उलटं होतं. दोर ताणलेला राहिला तर पातं लोंबकळतं, जमिनीच्या चढउताराबरोबर खालीवर होत नाही आणि मागे बर्फाच्या पट्ट्या सुटतात. थोडा सैल हवाच. पण आखूड दोर पूर्ण संपेपर्यंत बटण दाबलंत, तर ड्रम तसाच फिरत राहतो आणि दोर उलट्या बाजूने गुंडाळायला लागतो. मग ‘वर’ दाबलं की पातं खाली जातं, ‘खाली’ दाबलं की वर. माझ्या बाबतीत हे झालं तेव्हा मी अर्धा तास वायरिंगला शिव्या घालत होतो. शिवाय त्या स्थितीत विंचचा ब्रेक नीट धरत नाही. दोर पूर्ण बाहेर काढून पुन्हा सुलट गुंडाळणे, एवढाच त्यावर उपाय.

विंचच्या मागोमाग बॅटरीचा नंबर येतो. पातं उचलताना विंच वीस-तीस अँपिअर घेते आणि अडकली तर दोनशेच्या घरात जाते. गाडी संथ चालू असताना चार्जिंग तेवढं भरून काढू शकत नाही, त्यात दिवे, वायपर, हँडलची ऊब. उणे अठरा अंश सेल्सिअसला लेड-ॲसिड बॅटरीचा दम निम्म्यावर येतो. म्हणून काम झालं की चार्जर लावून ठेवायचा. बटण दाबल्यावर नुसतं ‘टक’ वाजतं, पातं हलत नाही? विंच गेली असं समजून नवी मागवायच्या आधी बॅटरीचा व्होल्टेज बघा, मग टर्मिनलवरचा गंज, मग रिले (विंचला वीज सोडणारा स्विच). बहुतेक वेळा पहिल्या दोनांतच उत्तर मिळतं.

गिअरबद्दल थोडक्यात: लो आणि फोर व्हील, दुसरं काही नाही. हाय गिअरमध्ये हळू ढकललं की सीव्हीटीचा, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा, रबरी पट्टा घसरून तापतो आणि जळक्या रबराचा वास येतो. तो वास आला तेव्हाच गाडी थांबवून पट्टा थंड होऊ द्यायला हवा होता. मी ‘एवढी एक फेरी’ म्हणत राहिलो.

आता वेग. बर्फाखाली काय आहे ते दिसत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे जोरात जातात. पात्याच्या मागच्या स्प्रिंग असतात त्या धडक बसली की पातं पुढे कलंडावं म्हणून. जड बर्फात पातं सारखं कलंडतं म्हणून लोक त्या करकचून आवळतात, आणि मग गोठलेल्या मेपलच्या खुंटाचा सगळा धक्का ढकलणाऱ्या चौकटीला बसतो. चौकट वाकली की पातं कधीच सरळ बसत नाही. भरल्या पात्याने करकचून वळण घेतलं तरी तीच गत. पातं कलंडतंय याचा अर्थ घास मोठा झालाय. अर्धं पातं भरेल एवढंच घ्या.

कोकणात पावसाआधी आगोट भरतात, तशी इथे ऑक्टोबरात करायची. जमीन गोठण्याआधी वाटेच्या दोन्ही कडांना नारिंगी काठ्या रोवायच्या. नंतर काठी आत जात नाही. खडीची वाट असेल तर पात्याखालचे बूट (पातं ज्यांवर टेकून घसरतं ते लोखंडी पाय) अर्धा ते एक इंच खाली सोडून पातं तेवढं उचलून ठेवा, आणि पहिले एक-दोन बर्फ नुसते दाबून गोठू द्या. नाहीतर खडी गवतात जाते आणि एप्रिलमध्ये ती वेचत बसावं लागतं. डांबरी वाटेला हे लागू नाही, तिथे पातं जमिनीला टेकलेलंच बरं.

पात्याची रुंदी घेताना दुकानदार साठ इंची दाखवतो, कारण ते स्वस्त असतं. पण ते तीस अंशांनी तिरकं केलं की बावन्न इंचच साफ होतं, आणि साठ इंच रुंद गाडीची चाकं बर्फावरून चालतात. बहात्तर इंची तिरकं केल्यावर बासष्ट उरतं. तेच घ्या.

पहिल्या बर्फाचे ढीग आळस न करता लांब सारा. डिसेंबरात कडेलाच टाकलेला ढीग गोठून भिंत होतो, फेब्रुवारीत वाट निम्मी उरते. रस्त्यापलीकडे मात्र ढकलू नका: शेजारी रागावतात हे झालंच, पण मिशिगनच्या वाहन कायद्यातही त्याला मनाई आहे. काउंटीचा बर्फ काढणारा ट्रक जाताना दारात जो घट्ट बांध घालून जातो, त्याला सरळ भिडण्यापेक्षा कडेकडेने चिरत काढा. आणि ढिगात घुसण्याआधी उतरून एकदा बघाच. मुलं त्यात किल्ला पोखरून बसतात.

काम संपल्यावर पातं हवेत लटकवून ठेवू नका, दोरावर रात्रभर ताण राहतो. जमिनीवर ठेवलं तर ओले बूट सकाळी चिकटलेले असतात, म्हणून खाली दोन जुन्या फळ्या टाका.