पिल्लांना पहिल्या दिवसापासून खायची सवय कशी लावायची
डुकराचं पिल्लू जन्मतं तेव्हा रोगाशी लढायची ताकद त्याच्यात जवळपास नसतेच, ती चिकातून येते आणि आतडं ती साधारण पहिल्या 24 तासांतच शोषून घेतं, म्हणून व्याल्याबरोबर प्रत्येक पिल्लू सडाला लागलंय का ते स्वतः बघा. दांडगी पिल्लं पिऊन झाली की तासभर उबदार खोक्यात ठेवा, बारक्यांना चान्स मिळतो. बारक्याचं पोट हाताला गोल लागलं म्हणजे प्यालंय. पिल्लं 7-10 दिवसांची झाली की मूठभर क्रीप फीड, म्हणजे दूध पीत असतानाच पिल्लांना द्यायचं खास खाद्य, ठेवा, रोज ताजं, कारण ओलसर शिळं असलं की पिल्लं हुंगून तोंड फिरवतात. खातात थोडंच, पण चव कळलेलं पिल्लू आईपासून तोडल्यावर लवकर खायला लागतं, आणि त्या आठवड्यात उपाशी राहिलेलं बऱ्याचदा पुढे वजनात मागे पडतं. पाणी मात्र कायम हवं.